लूर्डसची खाट केळ्यांच्या खोलीत

आमच्या क्लेमेंटीनच्या लग्नात देवळाच्या पुस्तकात मी अंगठा उठवला, ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा कुणी गोंधळू नये. अंगठा चांगला उठला होता. रेघ न् रेघ दिसत होती. पण माझ्यानंतर त्याच पानावर फेबियनने सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या, एक लांब, एक आखूड, जसं काही सही दमली तर तिला टेकायला बाकडं असावं. माझी बायको लूर्डस ती सही बघून म्हणाली, "किती सुंदर!" लग्न आमच्या मुलीचं, मांडवाला केळी माझ्या वाडीतल्या, आणि सुंदर काय, तर फेबियनची सही.

फेबियन म्हणजे मुंबईत कुठल्याशा कंपनीच्या कचेरीत आयुष्य काढून निवृत्तीनंतर गावात परत आलेला माणूस. विधुर. टेरिलीनचा शर्ट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला क्लिप, अंगाला पावडरचा वास. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या मुख्य प्रार्थनेत, शास्त्रपाठ वाचायचा तोच. आवाज असा की रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याने ऐकून मुकाट घरी जावं. वाचता वाचता मध्येच थांबायचा आणि चष्म्यावरून बायकांच्या बाजूला बघायचा. पुरुषांच्या बाजूला बघितलेलं मी तरी कधी पाहिलं नाही, आणि मी दर रविवारी पाहत होतो.

त्याच साली आमच्या गावातल्या शाळेत संध्याकाळी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. मी नाव घातलं. लोकांना सांगितलं, खताच्या पिशवीवरचं वाचता यावं म्हणून. खरं कारण त्या दोन रेघा. शिकवायला होती सरला, आमच्या वाडीला लागून ज्यांची वाडी आहे त्या हरिभाऊंची मुलगी. नाळ कापल्यापासून पाहिलेली पोर मला म्हणायची, "इनासकाका, काना खाली नाही, बाजूला." माझं नाव इग्नेशियस, पण ते लिहायला शिकेपर्यंत दिवाळी गेली, म्हणून वर्गात इनासच राहिलो. आज जे लिहितो आहे ती भाषाही त्या वर्गातलीच. घरातली आमची बोली वेगळी आहे. ती कागदावर उतरवायला गेलो की अक्षरं माझ्याकडे परक्या माणसासारखी बघतात.

एवढं झालं. आता मूळ गोष्ट, जी सांगायला जरा लाज वाटते, पण या वयात लाज तरी किती दिवस पुरवायची.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी लूर्डसने आपली खाट उचलली आणि केळ्यांच्या खोलीत नेऊन टाकली.

ही खोली आमच्या घराच्या मागल्या अंगाला. तिथे आम्ही घड पिकत घालतो. आत ऊब असते, पेंढा असतो, आणि वास असा की आत गेलेल्या माणसाच्या अंगाला दोन दिवस सुकेळीसारखा गोड वास येतो. राखेच्या बुधवारपासून आमचे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात. कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं, कुणी शिव्या सोडतं. लूर्डसने मला सोडलं. मी मनाशी म्हटलं, धर्माचं काम आहे, इस्टरला मटण परत येतं तशी खाटही येईल.

इस्टर आला. मटण आलं. शेजारच्या घरात दारूही आली, शिव्या तर आदल्या दिवशीच आल्या होत्या. खाट जागची हलली नाही.

मी चार दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी घड उतरवायच्या निमित्ताने विचारलं, "खाट तिकडेच राहिली वाटतं?"

"हो."

"का?"

"प्रार्थनेसाठी," लूर्डस म्हणाली. "शास्त्रात लिहिलंय. नवरा-बायकोने प्रार्थनेसाठी एकमेकांपासून दूर राहावं."

"तुला कुणी सांगितलं?"

"फेबियन सरांनी. बायकांच्या अभ्यासाला वाचून दाखवलं त्यांनी."

माझ्या हातातला घड खाली पडला. बायकांचा शास्त्र-अभ्यास दर गुरुवारी बेटीच्या ओटीवर भरायचा. बेटी आमच्या समोरच्या घरातली, तिला गावातली बातमी घडायच्या आधी कळते. तिथे हा फेबियन पावडर लावून बसणार, दहा-बारा बायका समोर, आणि वाचणार काय, तर नवऱ्यांनी कुठे झोपायचं! ज्याची स्वतःची बायको, बिचारी इनेझ, वारून वर्षं झाली, त्याला संयमाचा उपदेश करायला काय जातंय? ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याने पाणी जपून वापरा म्हणून गावभर सांगत फिरावं, तसं झालं हे.

त्या दिवसापासून माझं वाडीत लक्ष लागेना. लूर्डस नवीन साडी नेसली की मला गुरुवार आठवायचा. तिने केसाला तेल लावलं की गुरुवार. एकदा मी अचानक केळ्यांच्या खोलीत शिरलो तर ती काहीतरी शिवत होती. मला पाहताच तिने ते पटकन उशीखाली सारलं. मऊ, पिवळ्या कापडाचा तुकडा दिसला. आता पिवळ्या कापडाचं मोठा माणूस काय करणार? मी बराच विचार केला आणि माझी खात्री झाली की फेबियन बेटीकडे ज्या खुर्चीवर बसतो तिच्यासाठी गादी शिवली जात आहे. माझ्या सायकलची सीट फाटून आतला काथ्या बाहेर आला होता, ते तिला दिसलं नाही.

ठरवलं की शास्त्रात काय लिहिलंय ते आपण स्वतः वाचायचं. फेबियनच्या तोंडून नाही.

घरात शास्त्राचं पुस्तक होतं. क्लेमेंटीनच्या लग्नात कुणीतरी दिलेलं, विटेएवढं जाड. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण कुठलीही गोष्ट पहिल्यापासून करावी असं मला वाटतं. आदाम आणि हव्वेपाशी अडकायला झालं नाही, त्यांना खोली एकच होती. पण पुढे नावं लागली. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी तमका झाला, पानंच्या पानं. मी ओटीवर बसून एकेक नाव बोटाने दाबत वाचत होतो. अवघड नावं. पण एक गोष्ट मला स्पष्ट कळली. इतकी माणसं झाली त्या अर्थी त्या काळात कुणाची बायको केळ्यांच्या खोलीत झोपायला गेलेली नव्हती.

या वेगाने आपण मुद्द्याच्या पानापर्यंत पोचायच्या आत आपलं मयत निघेल, हेही कळलं. मग मी सल्ला घ्यायचं ठरवलं. तिथेच चुकलं.

पहिल्यांदा हरिभाऊंकडे गेलो. ते हिंदू, त्यामुळे आमच्या गावकीत बातमी फुटणार नाही, असा माझा हिशेब. ते पाटाच्या कडेला उभे राहून मोगऱ्याला पाणी लावत होते.

"हरिभाऊ, एका माणसाचं विचारायचंय."

"कोण माणूस?"

"आहे एक. तुमच्या शास्त्रात नवरा-बायकोने कधी लांब राहावं याचं काही सांगितलंय का?"

हरिभाऊंनी फावडं खाली ठेवलं. "तो माणूस निर्मळच्या बाजाराला सायकलवरून भाजी नेतो का?"

"नेत असेल."

"सीट फाटलीय का त्याच्या सायकलची?"

"हरिभाऊ, सांगायचं तर सांगा."

त्यांनी घरातून पंचांग मागवलं आणि ओटीवर बसून बोटांवर मोजत सुरू झाले. "अष्टमीला नाही. चतुर्दशीला नाही. पौर्णिमा, अमावास्या नाही. एकादशीला तर विचारूच नको. संक्रांतीला नाही. ग्रहणात नाही. पितृपक्षात नाही. श्रावण सोमवार असेल तर नाही..."

"मग राहिलं काय?" मी घाबरून विचारलं.

आतून त्यांच्या बायकोचा, अनसूयावहिनींचा आवाज आला, "राहिलेल्या दिवशी ह्यांच्या पंपाला वीज येते!"

हरिभाऊंनी पंचांग मिटलं. "इनास, आमच्यात हे असं आहे. तुमच्या देवाचं धोरण जरा बरं असेल. देवळात विचार."

देवळात विचारायचं म्हणजे कुणाला? कुमसाराला, म्हणजे कबुलीला, जाऊन फादरच्या कानात सांगावं, तर पाप माझ्याकडून काही घडलेलंच नव्हतं. तीच तर तक्रार होती. शेवटी मला वाटलं, देवालाच मध्ये घालावं. आमच्यात कुणाच्या नावाने मिस्सा सांगता येते. मयताच्या आत्म्यासाठी, आजाऱ्यासाठी, पोराच्या परीक्षेसाठी. कचेरीत जाऊन नोंद करायची, मग त्या दिवशी वेदीवरून नाव वाचतात.

कचेरीत व्हॅलेरियन बसायचा. सरळ मनाचा माणूस, पण टेबलामागे बसला की सरकार व्हायचा.

"कुणासाठी?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठी आणि लूर्डससाठी."

"लग्नाचा वाढदिवस?"

"नाही."

"आजारी?"

"तसं नाही."

"उपकारस्मरण? काही मिळालं का?"

"मिळालं असतं तर इथे आलो असतो का?"

"मग मयत?"

"व्हॅलेरियन, आम्ही दोघं जिवंत आहोत. मी तुझ्यासमोर उभा आहे."

"मग कुठल्या रकान्यात घालू? रकाने एवढेच आहेत." त्याने पेन कानामागे खोचलं. "हेतू कळल्याशिवाय नोंद होत नाही. उद्या फादर मला विचारतील."

माझ्यामागे कार्मिन आपल्या सासऱ्याच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायला उभी होती आणि तिचे कान ओढणीतून बाहेर आले होते. मी घाईघाईने म्हणालो, "खास हेतू घाल. खास."

व्हॅलेरियनने मला खालून वर पाहिलं. मग हळूच हसला. "असं बोल ना," म्हणाला, आणि लिहून टाकलं.

आता इथे मला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि गावात ती माहीत नसलेला मी एकटाच होतो, कारण अशा गोष्टी बायकाच करतात. आमच्याकडे बाईने खास हेतूची मिस्सा सांगितली तर त्याचा अर्थ एकच असतो. घरात पाळणा हलायचा आहे.

रविवारी फादरनी वेदीवरून वाचलं, "इग्नेशियस आणि लूर्डस यांच्या खास हेतूसाठी." सगळं देऊळ वळलं. बायकांच्या बाजूने असा आवाज आला जसा मधमाश्यांच्या पोळ्याला खडा लागल्यावर येतो. लूर्डसने पदर डोक्यावर घेतला तो नाकापर्यंत. फेबियनने शास्त्रपाठ संपवून चष्म्यावरून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बाजूला, माझ्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत बेटी कैऱ्या घेऊन आली. कार्मिन ओल्या चिंचा घेऊन आली. अनसूयावहिनींनी कुंपणावरून डिंकाचे लाडू दिले आणि म्हणाल्या, "या वयात धीराचं काम आहे हो. पण देव देतो तेव्हा बघत नाही." संध्याकाळी फेबियन आला. हातात सोनचाफ्याची फुलं, आमच्याच वाडीच्या कुंपणावरची, हे मी लगेच ओळखलं. "अभिनंदन, इग्नेशियस," तो म्हणाला. मग लूर्डसकडे वळून, "तुम्ही आता गुरुवारी चालत येऊ नका. मी सायकलवर घ्यायला येईन."

कॅरिअरवर! माझी बायको, त्याच्या कॅरिअरवर! मला चाफ्याचा वास सहन होईना.

तो गेल्यावर लूर्डस कैऱ्यांच्या टोपलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खास हेतू?"

"मला वाटलं..."

"केळ्यांच्या खोलीत मी एकटी झोपते आणि गाव मला लाडू पाठवतं! लोकांना काय सांगू? पवित्र आत्म्याने झालं?"

ती रागावली होती हे दिसत होतं. पण रागापेक्षा ती घाबरलेली जास्त दिसत होती, ते मात्र मला तेव्हा कळलं नाही. ती लाडवांना हात लावायलाही तयार नव्हती. "असल्या गोष्टी आधी बोलायच्या नसतात," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी फादरनी मला बोलावून घेतलं. म्हातारे होते, मिशनमध्ये बरीच वर्षं काढलेले. "इनास, देवाची कृपा," त्यांनी सुरुवात केली.

"फादर, कृपा झालेली नाही. तोच तर प्रश्न आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. खाट, गुरुवार, पावडर, पिवळी गादी, सगळं.

फादर हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, व्हॅलेरियन पाणी घेऊन धावत आला आणि दारातच रेंगाळला, त्याला हाकलावं लागलं. मग डोळे पुसत ते म्हणाले, "संत पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं, त्याचा सातवा अध्याय. पहिली काही वाक्यं. पण मी वाचून दाखवणार नाही. तू वाचायला शिकतोयस ना? स्वतः वाच."

"फेबियन बरोबर सांगतो का, एवढंच सांगा."

"स्वतः वाच," ते म्हणाले आणि पुन्हा हसू लागले.

मी घरी येऊन वाचलं. पान सापडायलाच दुपार गेली. मग एकेक ओळ. जिथे जोडाक्षर आलं तिथे अक्षरं पाटीवर उतरवून संध्याकाळी वर्गात नेली. सरलाने पाटी पाहिली. "इनासकाका, 'संमती' कुठून काढलात? हा शब्द आपल्या पुस्तकात नाही."

"दुसरीकडे आहे."

"आणि हे 'वंचित'?"

"तेही तिथेच आहे. अर्थ सांग, चौकशा नको."

तिने अर्थ सांगितला. मी पाटी पोटाशी धरून घरी आलो. पूर्ण अर्थ लागला तेव्हा मी ओटीवरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. फेबियनने अर्धंच सांगितलं होतं! दूर राहा, हे होतं तिथे. पण त्याच्या आधी काय होतं? एकमेकांना वंचित करू नका. आणि दूर राहायचं ते कसं? दोघांच्या संमतीने. किती वेळ? काही काळ. आणि नंतर? नंतर पुन्हा एकत्र या, असं साफ लिहिलेलं, नाहीतर सैतान टपलेलाच आहे. सैतान कोण, हे पौलाने लिहिलं नव्हतं, पण मला नाव माहीत होतं, आणि तो सायकलला क्लिप लावून फिरत होता.

घरात लूर्डसला वाचून दाखवलं असतं तर भागलं असतं. पण मग फेबियनचं काय? त्याचा खोटेपणा गावासमोर यायला हवा होता. आणि माझ्याकडे दिवस होता.

मे महिन्यात आमच्या गावातल्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी प्रार्थना असते. रोज एका घराची पाळी. त्या घराने क्रुसाला हार घालायचा, उकडलेले चणे वाटायचे, आणि शास्त्रातला एक भाग वाचून घ्यायचा. वाचायला सगळे फेबियनलाच बोलवतात. आमची पाळी आली तेव्हा मी बेटीला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं, की या वेळी वाचन मी करणार.

लूर्डसला बरं वाटलेलं दिसलं. चणे उकडता उकडता तिने विचारलं, "कुठला भाग?"

"कळेल."

"मोठा घेऊ नका. अडखळाल."

"फेबियन अडखळत नाही ना?"

तिने चण्यात मीठ टाकलं आणि चव घ्यायला माझ्या हातावर चार दाणे ठेवले.

क्रुसापाशी सगळं गाव आलं होतं. हरिभाऊ आणि अनसूयावहिनीही आले, ते दर वर्षी चण्यांना येतात. सरला आली, आपला विद्यार्थी बघायला. पहिल्या रांगेत फेबियन, पांढरा शर्ट, हातावर हात. रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, झाली. मी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"न... व... ऱ्या... ने..."

पुढचं अक्षर बोटाखाली हलायला लागलं. तेवढ्यात बेटी मागून मोठ्याने म्हणाली, "नवऱ्याने!"

"बा... य... को... ला..."

"बायकोला!" आता तिच्याबरोबर आणखी चार जण. त्यांना वाटलं मला मदत हवी आहे. मदत हवी होतीच, पण ही नव्हे. मी एकेक अक्षर लावायचो आणि गाव शब्द म्हणायचं. असं करत करत, नवऱ्याने बायकोला तिचं जे देणं आहे ते द्यावं आणि बायकोनेही तसंच नवऱ्याला, हे सगळं गावाने एका सुरात म्हटलं आणि म्हटल्यावर त्याला अर्थ लागला. कार्मिनचा नवरा खोकला.

थांबायला हवं होतं. पण नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला थांबता येत नाही, उतारावरच्या सायकलसारखं. मी पुढे गेलो. "ए... क... मे... कां... ना... वं... चि... त..." इथे कुणालाच शब्द येईना. सगळे सरलाकडे बघू लागले. सरलाने पदराचा बोळा तोंडात धरला होता. शेवटी हरिभाऊ मागून म्हणाले, "उपाशी ठेवू नका, असा अर्थ आहे त्याचा!"

अनसूयावहिनी म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा, तुमच्या पंपाला वीज आलीय."

हसण्याचा असा लोट आला की क्रुसावरचा हार हलला. मी हसण्यातूनही वाचत राहिलो. संमती वाचलं. काही काळ वाचलं. पुन्हा एकत्र या, हे तर दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फेबियनकडे बघून. मग पुस्तक मिटून म्हणालो, "शास्त्र अर्धं सांगायचं नसतं. काही लोक बायकांना अर्धंच वाचून दाखवतात."

फेबियन गोंधळला. "इग्नेशियस, माझ्याबद्दल बोलतोस का?"

"ज्याला लागेल त्याच्याबद्दल."

"पण मी हा भाग पूर्ण वाचला होता," तो म्हणाला. रेडिओसारख्या आवाजात नाही, साध्या.

"पूर्ण वाचला होता," बेटी म्हणाली. "दोनदा. पुन्हा एकत्र या म्हणाले तेव्हा आम्ही हसलो पण होतो. विचार लूर्डसला."

सगळं गाव लूर्डसकडे वळलं. ती चण्यांच्या टोपाजवळ बसली होती. तिने डाव उचलला आणि म्हणाली, "चणे गार होतायत. या पुढे."

गाव चणे खाऊन घरी गेलं. आम्ही दोघं रिकामा टोप दोन बाजूंनी धरून परत आलो. विहिरीजवळ ती टोप घासायला बसली, मी पाणी ओतत होतो. अजून उजेड होता.

"फेबियनने पूर्ण सांगितलं, मग तू मला अर्धं का सांगितलंस?" मी विचारलं.

ती घासत राहिली. मग म्हणाली, "क्लेमेंटीनला दिवस गेलेत."

माझ्या हातातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"गेल्या पावसाळ्यात पण गेले होते. राहिलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, तीच नको म्हणाली. या वेळी कळलं तेव्हा मी देवाला बोलले. मूल हातात येईपर्यंत मी संन्याशिणीसारखी राहीन म्हटलं. बोललेलं कुणाला सांगायचं नसतं."

"आणि ते पिवळं कापड?"

"बाळाची गोधडी. तुम्हाला काय वाटलं?"

मी काय वाटलं ते सांगितलं. सांगायला नको होतं. ती टोपात डोकं घालून हसली, टोप घुमला. हसणं थांबल्यावर तिचे डोळे ओले होते, ते हसून की कशाने, मला कळलं नाही.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणालो. "दोघांच्या संमतीने, असं लिहिलंय."

"तुम्ही होय म्हटलं असतंत?"

"नसतं म्हटलं."

"मग?"

"आता विचार."

तिने टोप उपडा ठेवला, हात पुसले आणि समोर उभी राहून अगदी रीतसर विचारलं, जसं लग्नात फादर विचारतात. "ऑक्टोबरपर्यंत चालेल?"

मे ते ऑक्टोबर. मधे आख्खा पावसाळा. पावसाळ्यात वसईच्या माणसाला घरात दुसरं काही कामही नसतं. एवढी अक्षरं शिकलो, एवढ्या जोडाक्षरांशी झुंजलो, आणि निकाल हा, की आजवर जे मनाविरुद्ध चाललं होतं ते आता माझ्या संमतीने चालणार. मी होय म्हणालो. मग जाऊन फेबियनकडे सायकल नेली आणि त्याची माफी मागितली. त्याने आत बोलावलं, चहा केला, स्वतःच. भिंतीवर इनेझचा फोटो होता. "ती होती तेव्हा मी रोज मुंबईला जायचो," तो म्हणाला. "हे पान मी उशिरा वाचलं." चहात साखर फार होती, पण मी प्यालो. तरी जाताना सांगितलंच, की गुरुवारी लूर्डस चालतच येईल.

क्लेमेंटीन बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा गावाला कळलं की पाळणा कुणाचा हलणार होता. बाळंतिणीला ऊब हवी म्हणून केळ्यांची खोली झाडून, सारवून तिला दिली. लुईस ऑक्टोबरच्या अखेरीस झाला, पिवळ्या गोधडीत गुंडाळलेला, आणि पुढे वर्षभर त्याच्या अंगाला केळ्यांचा वास येत होता. लूर्डसच्या खाटेला तिकडे जागा उरली नाही. मी ती उचलून आणली. ती म्हणाली, "सावकाश, भिंत खरवडेल."

बाप्तिस्म्याच्या दिवशी देवळाच्या पुस्तकात मी सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. लूर्डस म्हणाली, "एक पुरली असती."

फेबियन चौऱ्याऐंशीच्या जुलैत वारला. त्याच्या मयताच्या मिस्सेत शास्त्रपाठ मी वाचला, आणि जिथे थांबायचं तिथे थांबलो. लूर्डसने माझी संमती न घेता फक्त दोनच गोष्टी केल्या. त्यातली दुसरी ही, की ती एकोणीसशे एकोणनव्वद साली, राखेच्या बुधवारी, आठ फेब्रुवारीला सकाळी वारली.